राणीची जोड

परभणी,
4 जुलै 2025

चि. गणेश यास,


राणी आणि शेरा या कुत्र्यांचे फोटो पाहिले. निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट, लांब पाय. कारवानीचं हाड लपत नाही. पण रक्त शुद्ध राहावं म्हणून या दोघांचीच जोड लावायचं तुझ्या मनात आहे, ते काढून टाक. दोघं एकाच वेताची. शिवाय त्यांचे आईबापही एकाच घरचे, असं तूच लिहिलंस.

आबा शेळ्यांचं काय करायचे, आठवतं ना? बोकड कितीही तालेवार असला तरी त्याच्या पाटी माजावर यायच्या आत त्याला बाजार दाखवायचे. कुत्र्यालाही तोच न्याय. प्रत्येक जिवात काही दोष दडलेले असतात. आईकडून आलेला दोष बापाकडच्या निरोगी जनुकामुळे झाकला जातो. सख्ख्या भावंडांची जोड लावली की पिल्लाच्या साधारण पाव जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या निघतात, मग झाकायला काही उरत नाही. बाप-लेकीचं किंवा आई-मुलाचंही तेच. तुझ्या जोडीत आधीचं नातं धरलं तर हे प्रमाण पावाच्याही वर जाईल.

पहिल्या वेताला कदाचित काहीच दिसणार नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. पुढे पिल्लं कमी होतात, काही मेलेलीच निघतात, नराचं एक वृषण पोटातच राहतं, जबडे जुळत नाहीत. आई-मुलाच्या जोडीचं एक पिल्लू माझ्याकडे तपासणीच्या टेबलावर आलं होतं. कातडी रेशमासारखी, डोळे टपोरे, आणि टाळू मधोमध फाटलेला. आईला लुचलं की दूध नाकातून बाहेर यायचं. अशा टाळूला इतरही कारणं असतात, पण त्याच वेतातलं दुसरंही तसंच होतं. विक्रीसाठी कुत्री पैदा करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने 2017 साली नियम केले, त्यात सख्ख्या-सावत्र भावंडांची जोड लावायला मनाई आहे, ती उगाच नाही. पिल्लं हवीच असतील तर लातूर-सोलापूरपासून मुधोळपर्यंत या जातीची कुत्री आहेत. नात्याबाहेरचा नर मिळेल.

पण माझं खरं सांगणं निराळं आहे. राणीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घे.

वहिनीला 'पिशवी काढायची' म्हटलं की नको वाटतं, असं तू लिहिलंस. तिला तसं वाटणं साहजिक आहे. 2019 साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय म्हणून गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली. तो बायकांवरचा अन्याय होता. राणीच्या ऑपरेशनशी त्याची बरोबरी कुणी करू नये, मीही करत नाही. वहिनीला एवढंच समजावून सांग की कुत्रीच्या शरीराची चाल वेगळी. बाईला दिवस गेले नाहीत तर पाळी येऊन पिशवी मोकळी होते. कुत्रीचा माज ओसरला की ती गाभण असो वा नसो, पुढे दोनेक महिने तिचं शरीर गाभणपणाच्या संप्रेरकावरच चालतं. दर माजाला पिशवीचं अस्तर जाड होत जातं, आणि वय वाढलं की त्यात पू धरतो. कुत्री भसाभसा पाणी पिते, खाणं सोडते. पिशवीचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, नुसतं पोट फुगतं, आणि मालकाला कळेपर्यंत विष अंगात भिनलेलं असतं. तरण्या, निरोगी कुत्रीचं ऑपरेशन आणि तशा अवस्थेतलं ऑपरेशन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लवकर केलं तर आचळांच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. 'एकदा तरी व्यायला हवी' म्हणतात, त्याला काहीही आधार नाही.

आणि व्याली तर पिल्लं जातील कुठे? डिसेंबर 2021 मध्ये तुमच्याच माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती. बातमी देशभर पोचली. छापून आलेले आकडे सोडून दे, मला लागलं ते एवढंच की त्यातल्या बहुतेक पिल्लांना घर नव्हतं. वर्षाला दोन माज आणि दर वेताला पाच-सहा पिल्लं धर. सगळी काही धनगराच्या वाड्यावर सुखाने नांदणार नाहीत.

आता काय करायचं ते ऐक. राणी माजावर आली असेल तर तो संपल्यावर दोन-तीन महिने थांबावं लागेल. तोवर शेराला चुलत्यांच्या वस्तीवर ठेव. माजाचे तीन आठवडे दोघांना एका अंगणात बांधून भागत नाही, दोर कुरतडतात. माजावर नसेल तर माजलगावहून पाथरीमार्गे तिला इकडे घेऊन ये, आपण पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवू. भूल देण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांग की कुत्री कारवानी आहे. या शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध त्यांच्यात लवकर उतरत नाही. दुसरं औषध वापरता येतं. आदल्या रात्रीनंतर खायला घालू नकोस. टाके दहा-बारा दिवस कोरडे राहायला हवेत, म्हणून पावसात गोठ्यात न ठेवता पडवीत पोत्यावर निजव आणि टाके चाटू देऊ नकोस.

शेराचं ऑपरेशन तर याहून सोपं. दोघांनाही एकदमच आण. रेबीजची लस टोचून किती दिवस झाले ते कार्डावर बघ, आणि कार्ड सोबत घे.

तुझी,
आत्या