मन दोषी ठरविते तेव्हा

मननासाठी शास्त्रपाठ : १ योहान ३:१९-२४, स्तोत्र १२१



दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक गाव. आज त्याच्या चिंचोळ्या गल्ल्यांत चार-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. एम्स व सफदरजंग ही मोठी रुग्णालये, आर. के. पुरममधील सरकारी कार्यालये आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथून जवळ आहेत. त्यामुळे नोकरी-शिक्षणासाठी दूरदूरहून आलेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांत ईशान्येकडील ख्रिस्ती बंधुभगिनी पुष्कळ आहेत.

अशाच एखाद्या खोलीत, मिरजेहून वा जालन्याहून आलेली आपली एखादी परिचारिका भगिनी रातपाळी संपवून परतली आहे, अशी कल्पना करा. वॉर्डात चाळीस रुग्ण आणि हाताशी दोघीच. एकाला औषध द्यावयास उशीर झाला. नातेवाइकांनी चारचौघांत बोल लावले. आता अंग अंथरुणाला टेकले आहे, परंतु डोळा लागत नाही. कारण मनात न्यायालय भरले आहे. फिर्यादी मन, साक्षीदार मन आणि न्यायाधीशही मनच! निकाल आधीच ठरलेला असतो : "तू कुचकामी आहेस." शाळेतून परतणारे शिक्षक, कचेरीतले लिपिक, मंडळीचे पाळक, यांपैकी कोणाला हे न्यायालय ठाऊक नाही?

योहानालाही ते ठाऊक होते. आपले मन आपल्याला दोषी ठरविते त्या वेळी देव आपल्या मनाहून थोर आहे आणि तो सर्व काही जाणतो, असे तो आपल्या पहिल्या पत्रात सांगतो. 'सर्व जाणतो' या शब्दांची आपणांस भीती वाटते. परंतु योहान ते धीर देण्यासाठी लिहितो. मन फक्त उशिरा दिलेले औषध पाहते. देव चाळीस खाटा पाहतो, दोनच जोड हात पाहतो आणि त्या रात्री कोणा वृद्धाचे अंथरूण न कुरकुरता बदलले तेही पाहतो.

मग हे मन देवापुढे मोकळे कसे करावे? एक साधा उपाय म्हणजे रोजची वही. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बीऑल या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी लिहावयास सांगितले. प्रसंग आणि त्यासंबंधीच्या भावना ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच जडच वाटले. पण पुढील महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात त्यांच्या खेपा कमी झाल्या. त्यानंतर असे अनेक अभ्यास झाले. लाभ दिसला, परंतु सरासरीने तो लहानच, आणि सर्वांना सारखा नव्हे. म्हणजे वही ही काही जादू नव्हे.

किंबहुना चुकीच्या रीतीने लिहिलेली वही जखम खोल करते. संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण पाहा. १५२२ साली मोंसेरात येथे त्यांनी तीन दिवस खर्च करून आपल्या साऱ्या आयुष्याची पापकबुली लिहून दिली. तरी मानरेसा येथे राहत असताना मनाला टोचणी लागली : काहीतरी राहून गेले असेल! एका धर्मगुरूने आठवेल ते सारे पुन्हा लिहावयास सांगितले. त्यांनी लिहिले. टोचणी शमली तर नाहीच, उलट अधिकाधिक बारीक गोष्टींचा कीस काढू लागली. वेदना एवढी वाढली की जीव द्यावा असा मोह त्यांना वारंवार झाला. ही टोचणी देवाकडून नाही, हे शेवटी त्यांनी ओळखले. मागील पापे पुन्हा न उकरण्याचा निश्चय केला आणि ते मोकळे झाले. प्रभूने आपल्या दयेने सोडविले, अशी त्यांची खात्री झाली.

पुढे १५४८ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात दिवसाची झडती घेण्याच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली पायरी कोणती? पापांची यादी नव्हे, तर देवाने दिलेल्या दानांबद्दल उपकारस्तुती! नंतर आपले दोष ओळखण्यासाठी कृपेची याचना, मग दिवसाचा हिशेब, मग क्षमेची विनंती आणि शेवटी त्याच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय. आपल्याविरुद्धचे ऋणपत्र देवाने रद्द करून वधस्तंभाला खिळले, असे पौल कलस्सैकरांस सांगतो (२:१४). मग आपण दररोज रात्री नवे ऋणपत्र का लिहावे?

तेव्हा वाचकहो, वही उघडाल तेव्हा प्रथम एक उपकार लिहा, तो कितीही लहान असो. मग घडले ते लिहा. निकाल लिहू नका. 'औषध अर्धा तास उशिरा दिले' ही घटना आहे. 'मी नालायक आहे' हा निकाल आहे, आणि निकाल देण्याचा अधिकार आपला नाही. नंतर पान उभे दुमडा. एका बाजूस आपल्या हाती होते ते लिहा, दुसऱ्या बाजूस नव्हते ते. रुग्णांची अथवा सहकाऱ्यांची नावे मात्र वहीत नकोत. ती प्रार्थनेत घ्या.

आपल्या हाती असलेल्या बाजूस खरा दोष आढळला तर? तो झाकू नका. विश्वास म्हणजे सारवासारव नव्हे. जक्कय कृपेने स्वीकारला गेला आणि म्हणूनच लुबाडलेले चौपट परत करावयास उभा राहिला. औषध चुकले असेल तर ते वरिष्ठ सिस्टरना सांगितलेच पाहिजे. कोणाला कठोर बोललो असू तर क्षमा मागितलीच पाहिजे. उद्या करावयाची अशी एकच गोष्ट लिहा आणि वही मिटा. पंधरा मिनिटे पुरेत. खरा पश्चात्ताप एका पावलाकडे बोट दाखवितो. खोटी टोचणी नुसतीच गोल गोल फिरविते. एवढ्यावरून दोन्ही ओळखता येतात.

लिहूनही झोप येत नसेल, दिवसेंदिवस मन काळवंडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर एकट्याने सोसू नका. पाळकांना सांगा, डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. मदत मागणे हा अविश्वास नव्हे.

रुग्णालयात एक सुंदर शिस्त आहे. पाळी संपली की नोंदी पूर्ण करावयाच्या, रुग्ण पुढच्या पाळीच्या स्वाधीन करावयाचे आणि घरी जावयाचे. वॉर्ड कोणाही एकीच्या खांद्यावर चोवीस तास नसतो. जग तर मुळीच नाही. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही की झोपत नाही, असे एकशेएकविसावे स्तोत्र सांगते. तो जागा आहे, म्हणून आपण निजावे.

प्रार्थना : हे दयाळू प्रभो, आजचा दिवस, त्यातील पुरे-अपुरे काम आणि आमचे थकलेले मन आम्ही तुझ्या स्वाधीन करितो. खरा दोष आम्हांस दाखव व तो सुधारावयास धैर्य दे. खोट्या दोषापासून आम्हांस सोडव आणि शांत झोप दे. आमेन.