तडा बुजवताना

घरातल्या फरशीला तडा गेला तर आपल्यापुढे दोन वाटा असतात. तडा बुजवायचा, किंवा फरशी काढून तिथे दुसरी बसवायची. बोलताना आपण दोन्हींना दुरुस्तीच म्हणतो. पण ही दोन कामे एक नाहीत, आणि त्यांतला फरक केवळ खर्चाचा नाही, असे आम्हांला वाटते.

सोलापूरकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असे. दगडच तो; तडकला तरी तुकडे जागेवर बसून राहत आणि वर्षानुवर्षे कोणी त्यांच्याकडे बघत नसे. आता घरोघरी दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल आली. (आमच्या मोहल्ल्यात तिला 'स्टाइल' म्हणतात. तेही काही अगदीच चूक नव्हे.) ही टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा तिचा गुण, पण त्यामुळेच साधे सिमेंट तिच्या पाठीला नीट धरत नाही. तिला चिकटवण्याचा खास मसाला लागतो, आणि तो पाठीवर सगळीकडे पसरावा लागतो. घाईच्या कामात चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबून देतात. वर आरशासारखी सपाटी, खाली पोकळी. मग एके दिवशी भरलेला सिलिंडर जरा जोरात टेकतो आणि रेघ उमटते. घरातले लोक सिलिंडर आणणाऱ्याला बोल लावतात.

पोकळी ओळखायला रुपयाचे नाणे पुरते. टाइलवर वाजवत जावे. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळीवर बद्द. नीट दुरुस्ती करायची तर भोवतीचे सांधे आधी मोकळे करतात, टाइल मधोमध फोडून छन्नी मधून कडेकडे नेतात, नाहीतर शेजारची तडकते. जुना मसाला खरवडतात, धूळ झाडतात, नवी बसवून दिवसभर पाय पडू देत नाहीत आणि मग सांधे भरतात. बुजवण्याचे काम तासाभराचे. टाइलच्या रंगाची लांबी भरायची, सुकली की घासायची. चांगल्या हाताने केले तर रेघ शोधूनही सापडत नाही.

अब्बांच्या पश्चात त्यांचे घर विकायचे ठरले तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे आला. बैठकीत एक टाइल तडकलेली होती. मिस्त्रीने नाणे वाजवून पाहिले. तिच्या भोवतीच्या आणखी सहा टाइल बद्द बोलल्या. तडा मात्र एकीलाच. मिस्त्री म्हणाला, "सर, वरून भरून देऊ की काढून बसवू? काढायच्या तर सातही काढाव्या लागतील, आणि ही डिझाइन आता मिळायची नाही." म्हणजे सगळी बैठकच उकरायची. दलालाचे मत सरळ होते : भरून घ्या, वर रंग मारा, गिऱ्हाईक आणतो.

भाईजानना त्यांच्या हिश्श्याची निकड होती. मुलीचा नर्सिंगला प्रवेश झाला होता, फी भरायची होती. ते म्हणाले, "अरे, घर विकताना रंग कोण देत नाही? त्याला कोणी फसवणूक म्हणतं का?" हा मुद्दा हसून सोडून देण्यासारखा नाही. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. रंग नवा आहे हे येणाऱ्याला दिसते, त्याचा वास येतो, आणि विकायच्या घराला रंग देतात हे त्यालाही ठाऊक असते. बुजवलेल्या तड्याबाबत त्याला काहीच ठाऊक नसते. त्याने काही विचारायच्या आधीच ती टाइल त्याला सांगते, इथे काही झालेले नाही.

अम्मीने वेगळाच शब्द काढला : पर्दापोशी. दुसऱ्याचा ऐब झाकणे ही आपल्याकडे मोठी नेकी मानली आहे, आणि ती आहेच. परंतु ती माणसाच्या ऐबाबद्दल आहे, आणि तोही असा की जो झाकल्याने तिसऱ्याच्या पायाखालची जमीन पोकळ होत नाही. शाळेत आम्ही हे रोज पाहतो. वाचताना अडखळणाऱ्या मुलाची वर्गासमोर शोभा न करणे ही पर्दापोशी. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वाचन उत्तम' लिहून त्याला पुढच्या वर्गात ढकलणे ही लांबी भरणे. पुढच्या वर्गाचे सर त्या शेऱ्यावर विसंबून पाय टाकतात, आणि मोडते ते मूल.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याचे कलम 55 सांगते, की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. सात टाइलना न्यायालय महत्त्वाचा दोष मानील की नाही, हा वकिलांचा प्रश्न. आम्हांला त्यातला दुसराच धागा लक्षात घेण्यासारखा वाटतो. उघडा तडा घेणाऱ्याला दिसतो. तो वाकून पाहील, नाणे वाजवील, किंमत पाडून मागेल. पाहण्याची जबाबदारी त्याची. आपण तो तडा बुजवला की ती जबाबदारी उचलून आपण आपल्या खांद्यावर घेतो. मग तोंड उघडणे भाग आहे.

आणि घर विकायचेच नसते तर? तर आम्हीही वरूनच भरून घेतले असते, आणि त्यात काही गैर मानले नसते. अम्मीच्या अंगठ्याला ती धार लागत होती. घरात सगळ्यांना ठाऊक असते, इथे सिलिंडर ठेवायचा नाही, इथे मुलांनी उड्या मारायच्या नाहीत. तीच लांबी, तीच टाइल. पण खालची पोकळी सगळ्यांच्या माहितीची.

शेवटी तडा तसाच ठेवला आणि घर बघायला आलेल्या कुटुंबाला सातही टाइल वाजवून दाखवल्या. त्यांनी किंमत कमी करून मागितली, भाईजाननी ती दिली. फीचा उरलेला भाग आम्ही दोघांनी मिळून उभा केला. दलाल अजून रस्त्यात भेटला की मान फिरवतो, असो.

मनात राहिला तो मिस्त्री. घर विकायचे आहे हे त्याला माहीत होते. आम्ही "भर" म्हटले असते तर त्याने भरले असते, आणि इतके सफाईने की आम्हांलाही रेघ दिसली नसती. रोजावर काम करणाऱ्याने मालकाला "हे कशासाठी?" असे विचारावे का? विचारले तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि दलाल पुढचे काम दुसऱ्याला देतो. पोकळीची माहिती घरात सर्वांत आधी त्याच्या नाण्याला झाली होती. त्याच्यावर तिचा भार किती टाकायचा, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.