तीन गिनी आणि वाचकाचें उत्तर

कादंबरीकार निबंध लिहूं लागला म्हणजे त्याचे चाहते थोडेसे बिचकतात. ज्याच्या पात्रांबरोबर आपण हंसलों-रडलों, तोच लेखक पात्रांचा पडदा दूर सारून समोर उभा राहतो आणि 'मला असें वाटतें, आपणांस काय वाटतें?' असें विचारतो. कादंबरींतील मत पात्राचें म्हणून सोडून देतां येतें. निबंधांतील मताला मात्र उत्तर द्यावें लागतें. हें उत्तर कसें द्यावें, हा केवळ रसिकतेचा प्रश्न नसून नीतीचाही प्रश्न आहे. इंग्लंडांतील एका पुस्तकाची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

'मिसेस डॅलोवे' (१९२५) आणि 'टु द लाइटहाउस' (१९२७) या कादंबऱ्यांनीं व्हर्जिनिया वुल्फ यांचें नांव गाजलें होतें. जून १९३८ मध्यें त्यांचें 'थ्री गिनीज' हें निबंधांचें पुस्तक बाहेर पडलें. आदल्याच वर्षीं त्यांचा भाचा स्पेनच्या यादवी युद्धांत मारला गेला होता, आणि युरोपवर नव्या महायुद्धाचें सावट पसरत होतें. 'युद्ध कसें टाळावें?' असें एका सुशिक्षित गृहस्थानें पत्रानें विचारलें आहे, अशी कल्पना करून बाईंनीं तीन भागांत उत्तर लिहिलें. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. पहिली गिनी स्त्रियांच्या कॉलेजाला, दुसरी स्त्रियांना व्यवसायांत शिरकाव मिळवून देणाऱ्या संस्थेला, तिसरी शांततेसाठीं झटणाऱ्या संस्थेला. ही तिसरी गिनी त्यांनीं दिली, पण त्या संस्थेचें सभासदत्व नाकारलें! कारण, घरांत बाप मुलीवर जी सत्ता गाजवितो आणि हुकूमशहा राष्ट्रावर जी गाजवितो, त्या दोहोंचें मूळ एकच, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि तें मूळ ज्या समाजांत रुजलें त्याच्या संस्थांत स्त्रीनें मिसळून जाऊं नये, बाहेर राहूनच काम करावें, असें त्यांचें म्हणणें होतें.

पुस्तकावर बरेंच काहूर उठलें. 'टाइम्स'च्या वाङ्मयीन पुरवणीनें त्यांची गणना इंग्लंडांतील सर्वांत तेजस्वी प्रचारपुस्तिकाकारांत केली. उलट, ई. एम्. फॉर्स्टर यांच्यासारख्या स्नेह्यानें बाईंच्या मृत्यूनंतर, १९४१ सालच्या व्याख्यानांत, हें त्यांच्या पुस्तकांतील सर्वांत वाईट ठरविलें. विटा सॅकव्हिल-वेस्ट या जिवलग मैत्रिणीनें त्यांतील कांहीं युक्तिवाद दिशाभूल करणारे आहेत असें कळवितांच बाई संतापल्या. आपल्या प्रामाणिकपणावरच हा आरोप आहे काय, असें त्यांनीं तिला विचारलें. 'स्क्रूटिनी' या त्रैमासिकांत क्यू. डी. लीव्हिस यांनीं तर टीकेची झोड उठविली. श्रीमंतींत वाढलेल्या या लेखिकेला पाळण्याची आणि संसाराची माहिती ती काय असणार, हा त्या टीकेचा रोख होता.

विद्वानांच्या या गदारोळाबरोबर दुसरेंही कांहीं घडत होतें. अनोळखी वाचकांचीं पत्रें बाईंकडे येत होतीं. त्यांतील ८२ पत्रें त्यांनीं जपून ठेविलीं, आणि २००० सालीं तीं छापून प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं एक यॉर्कशायरमधील एका बेकार विणकर स्त्रीचें आहे. तिचा आक्षेप साधा पण जळजळीत होता. युद्धाच्या कामास नकार द्या, असें सांगणें सोपें आहे. परंतु एकटीच्या कमाईवर जगणारी बाई काम नाकारील तर उपाशी मरेल, आणि भुकेपुढें ध्येयें टिकत नाहींत. पुढें या दोघींमध्यें पत्रव्यवहार सुरू झाला.

आतां लक्ष्यांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं लीव्हिसबाईंचा आक्षेप आणि या विणकरणीचा आक्षेप मुळांत एकच आहे: तुम्हीं आमचें जिणें पाहिलेलें नाहीं. आक्षेप खोटाही नव्हता. लीव्हिसबाई घर-मुलें सांभाळून विद्याव्यासंग करणाऱ्या होत्या. त्यांच्या शब्दांमागें अनुभव होता. आणि वुल्फबाईंच्या बाजूनें असेंही म्हणतां येईल, कीं आपण सुशिक्षित पुरुषांच्या मुलींविषयीं बोलत आहों, हें त्यांनीं आधींच बजावलें होतें. आपली मर्यादा सांगणें हा अप्रामाणिकपणा नव्हे. परंतु एकाच आक्षेपाचे दोन उपयोग झाले. टीकाकर्तीनें त्याच्या जोरावर पुस्तक मिटलें. विणकरणीनें त्याच्या जोरावर तें पुढें चालविलें. 'तुला ठाऊक नाहीं, म्हणून तूं बोलूं नको,' असें पहिली म्हणाली. 'तुला ठाऊक नाहीं, म्हणून माझें ऐक,' असें दुसरी म्हणाली. निबंधकाराचा खरा सन्मान दुसरीनें केला, असें मला वाटतें. मान डोलावणें किंवा नाक मुरडणें या दोहोंसही कांहीं मोल पडत नाहीं. आपलें जगणें तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत घालून पाहणें, याला मात्र पडतें.

हें मी शहाणपणानें सांगत नाहीं. पुस्तक प्रथम वाचलें तेव्हां एका पानाच्या समासांत मीं 'अतिशयोक्ति' असा शेरा मारला होता. घरोघरचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांच्या शिक्षणावर कसा खर्च झाला आणि मुलींच्या वांट्यास काय आलें, हा त्या पानावरचा विषय. शेरा मारतांना भाषाशैलीचें परीक्षण केल्याचें समाधान मला वाटलें होतें. कित्येक दिवसांनीं, भलत्याच वेळीं आठवलें, कीं माझ्या कॉलेजच्या फीची सोय व्हावी म्हणून ताईचें शिक्षण मॅट्रिकशींच थांबलें होतें. ती माझ्याहून हुशार होती, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. त्याविषयीं ती कधीं बोलली नाहीं, आणि आम्हींही कधीं विचारलें नाहीं.

तो शेरा मीं खोडून टाकला आहे. पण ताईसमोर तें पान उघडून ठेवण्याचें धैर्य अजून झालेलें नाहीं. आणि तें होईपर्यंत माझें उत्तर अपुरेंच राहणार.