दहा अनवाणी, एक बूट घातलेला

मननासाठी : इफिसकरांस पत्र 6:15



आत्मिक शस्त्रसामग्री वर्णिताना पौलाने ढाल, शिरस्त्राण व तलवार यांबरोबर पायांतील जोड्यांचाही विचार केला आहे. आपण उपदेशक मंडळी तलवारीपाशी रेंगाळतो आणि जोड्यांवरून घाईने पुढे जातो. मला मात्र हे वचन वाचताना कलकत्त्याचे एक मैदान आठवते.

29 जुलै 1911. आय.एफ.ए. शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानची गाठ ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी पडली. गोरे सैनिक बूट घालून, तर बागानचे दहा गडी अनवाणी. अकरावा, डाव्या बाजूचा बचावपटू, तेवढा बूट घालून उतरला होता. त्याचे नाव सुधीर चटर्जी. तो ख्रिस्ती होता व भवानीपूर येथील लंडन मिशनरी सोसायटीच्या कॉलेजात शिकवीत असे. पहिला गोल बागानवर झाला. मग कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि खेळ संपत आला असता अभिलाष घोष यांनी दुसरा गोल केला. भारतीय संघाने शिल्ड जिंकण्याची ती पहिलीच वेळ!

‘साहेबाचा धर्म, साहेबाचेच जोडे’ हा टोमणा आपल्या वाडवडिलांनी अहमदनगरातही ऐकला आहे, रेव्ह. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती हयात तो खोटा पाडण्यात गेली. आजही आपल्या लेकरांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे कोणी विचारतेच. त्या दिवशी मात्र ते बूट साहेबाच्याच वाटेत आडवे उभे होते, अनवाणी सोबत्यांच्या पाठीमागे पहारा देत.

गोल करणाऱ्यांची नावे राहतात. बचावपटूने अडवलेले चेंडू कोण मोजतो? पौलही त्या अध्यायात धावण्याविषयी बोलत नाही, टिकून उभे राहण्याविषयी बोलतो. रोमी शिपायाच्या जोड्यांना तळाशी खिळे असत, ते पाय घसरू नये म्हणून. आणि नवल असे की, युद्धात घालावयाचे हे जोडे त्याने शांतीच्या सुवार्तेचे सांगितले! ज्याच्या पायी ते आहेत त्याला शेजाऱ्याचा द्वेष न करताही आपली जागा राखता येते.

सुधीर चटर्जी पुढे पाळक झाले. मोहन बागान दरवर्षी 29 जुलै हा दिवस पाळते. ‘अमर अकरा’ म्हणून त्या खेळाडूंची नावे घेतली जातात, आणि त्यांत रेव्हरंड सुधीर चटर्जी हे नाव असते.