दिवा कोणी मालवायचा?

आत्मा आहे की नाही, जग खरं की नुसता भास, असल्या प्रश्नांवर आपल्या आचार्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहून ठेवले आहेत. पण चार बिऱ्हाडांच्या समाईक जिन्यातला दिवा रात्री कोणी मालवायचा, या प्रश्नाला एकानेही हात घातलेला नाही. कारण उघड आहे. आत्म्याचं बिल येत नाही. जिन्यातल्या दिव्याचं येतं, आणि ते चौघांत वाटून भरायचं असल्यामुळे प्रत्येकाला वाटतं की दिवा आपला फक्त चौथाई आहे. मालवायला उठावं तर पाय मात्र अख्खे दोन झिजवावे लागतात.

हा प्रश्न शेवटी संगणकवाल्यांनी सोडवायला घेतला. त्यांना घेणं भागच होतं. संगणकाच्या पडद्यावर जे काही हलतं-डुलतं ते रंगवायला एक स्वतंत्र चिप असते, तिला ग्राफिक्स चिप म्हणतात. ही बया मोठी खादाड. एनव्हिडिया कंपनीने २०२२ साली बाजारात आणलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची भूक ४५० वॅटपर्यंत जाते. म्हणजे घरात एक छोटा मिक्सर अखंड चालू. बरं, मिक्सर चालला की निदान चटणी तरी पदरात पडते. इथे पडद्यावर एक पत्र उघडं असतं आणि वाचणारा चहा प्यायला गेलेला असतो.

म्हणून या बाईंना वेळच्या वेळी झोपवावं लागतं. काम कमी असेल तर गती कमी करायची, व्होल्टेज उतरवायचं. काम नसेलच तर दिवा मालवायचा. यातलं गणित मला, एका वाणिज्य पदवीधराला, फार आवडलं. हिशेबापुरतं धरा, व्होल्टेज निम्मं केलं तर कामावर खर्च होणारी वीज निम्मी नव्हे, चौथाई होते. वर गतीही निम्मी केली तर आठवा हिस्सा. चक्रवाढ व्याज उलट्या दिशेने, आणि तेही गिऱ्हाइकाच्या बाजूने, चालताना मी प्रथमच पाहिलं.

झोपवण्या-उठवण्याचं हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स नावाची जी प्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केली आणि जिच्यात जगभरचे लोक अजून भर घालताहेत, तिच्यात असे बरेच ड्रायव्हर एका छपराखाली नांदतात. इंटेलचा आय९१५, एएमडीचा एएमडीजीपीयू, आणि एनव्हिडियाच्या कार्डांसाठी कंपनीबाहेरच्या मंडळींनी रचलेला नूवो. तीन बिऱ्हाडं, एक जिना. आता दिवा मालवण्याचं कलम प्रत्येकाने आपापलं लिहावं, की सगळ्यांत मिळून एकच लिहावं?

वेगळं लिहावं तर एकच चूक तीन घरांत होते आणि दुरुस्त एकाच घरात होते. एकत्र लिहावं तर एकाच्या पित्ताचं औषध दुसऱ्याला वाताचं म्हणून प्यावं लागतं. आपल्याकडे एकत्र कुटुंबावर शंभर वर्षं वाद झाला तो याहून निराळा नव्हता.

यातली वाट राफाएल विसोत्स्की या गृहस्थांनी काढली. २००९च्या डिसेंबरात, लिनक्सच्या २.६.३२ या आवृत्तीत ती आली. युक्ती इतकी साधी, की ऐकल्यावर आपल्याला का सुचली नाही याचा राग यावा. दिव्याखाली एक आकडा ठेवायचा. जो कोणी काम घेऊन येईल त्याने येताना 'गेट' म्हणायचं, आकडा एकाने वाढतो. जाताना 'पुट' म्हणायचं, एकाने कमी होतो. आकडा शून्यावर आला की, कोणी परत येतंय का म्हणून हवी तर क्षणभर वाट पाहायची आणि दिवा मालवायचा.

"मामा, तुमच्या ब्रँचमधली टॅलीच आहे ही," मला हे समजावणारा भाचा म्हणाला. आहेच. जितकं नावे तितकं जमा. कोणी गेट करून पुट करायचं विसरला तर दिवा रात्रभर जळतो आणि सकाळी लॅपटॉपची बॅटरी राम म्हणते. कोणी एकदा गेट करून दोनदा पुट केलं तर आत माणूस बसलेला असताना अंधार होतो. पहिल्याला आपण गबाळा म्हणतो आणि दुसऱ्याला काटकसरी. माझ्या मते दुसरा जास्त धोक्याचा.

पण खरी गंमत पुढेच आहे. दिवा कधी मालवायचा एवढंच हे समाईक कलम सांगतं. कसा मालवायचा, ते ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरने आपलं आपण सांगायचं. कोणाचं बटण खाली, कोणाचं वर. त्यात समाईकाने नाक खुपसायचं नाही. नील ब्राउन यांनी त्याच २००९ साली लिहिलेल्या लेखात याच्या उलट चालीला नावच ठेवलं आहे. समाईक थर मध्ये बसून सगळ्यांवर हुकूम सोडायला लागला की ती चूक, असं त्यांचं म्हणणं. समाईक वस्तू खलबत्त्यासारखी असावी. हवा तेव्हा घ्यावा, कुटावं, परत ठेवावा. ती सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी झाली की प्रत्येक वेलचीला अर्ज करावा लागतो.

दुसरा प्रश्न, समाईक म्हणजे कोणाशी समाईक? २०१६ साली एएमडीने पडदा सांभाळणारं, लाखाच्या आसपास ओळींचं एक बाड लिनक्सपुढे ठेवलं. समाईकच होतं ते, पण कंपनीच्या इतर प्रणालींवरच्या स्वतःच्याच ड्रायव्हरांशी. शेजाऱ्यांच्या रीतीशी त्याचं जमेना. ग्राफिक्सचा विभाग सांभाळणारे डेव्ह एअरली यांनी डिसेंबरात ते नाकारलं. माहेरच्या चालीने सासरचं घर चालत नाही, एवढाच मथितार्थ. कंपनीने रागावून न जाता बाड सुधारत नेलं, आणि जानेवारी २०१८च्या ४.१५ आवृत्तीत ते घरात आलं.

आणि किल्लीच दिली नाही तर? २०१४ सालच्या पिढीपासून एनव्हिडियाने कार्डाच्या आतल्या प्रोग्रॅमवर कंपनीची सही सक्तीची केली. सही नाही म्हणून नूवोला गती वाढवता येईना. एवढं महागाचं कार्ड, पण चालायचं पहिल्या गियरमध्ये. जानेवारी २०२४च्या ६.७ आवृत्तीपासून नव्या पिढ्यांच्या कार्डांचं अडलेलं गाडं पुढे सरकलं. कार्डावरच बसवलेला कंपनीचा कारभारी विजेचं बघतो, नूवोने त्याला फक्त विनंती करायची. किल्ली अजून कंपनीच्याच कमरेला आहे. आता बेल वाजवली की दार उघडतं, इतकंच.

जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, असं आपण सुस्कारा टाकून म्हणतो आणि त्याचं खापर मनुष्यस्वभावावर फोडतो. मला आता ते पटत नाही. लिनक्समधल्या मंडळींचा स्वभाव काही आपल्याहून गोड नाही. त्यांची भांडणं जगजाहीर आहेत. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. घेतलं-दिलं याचा आकडा ठेवला. आणि 'मेंटेनर्स' नावाची एक फाइल ठेवली, तीत कुठला भाग कोणाच्या गळ्यात, ते नावानिशी लिहिलेलं असतं. शेजाऱ्यावर प्रेम करा, असं ती फाइल कुठेही सांगत नाही. बिघडलं तर कोणाचं दार वाजवायचं, तेवढं सांगते. शेजारधर्माला सुरुवात करायला एवढं पुरतं, असा माझा अनुभव आहे. प्रेम पुढे-मागे होतं. नाही झालं तरी दिवा मालवला जातो.