भविष्यात मान कोणाचा?

तुळजापूरची तुळजाभवानी वर्षातून तीनदा झोपते. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मूर्ती चल आहे, म्हणून तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवता येते. दसऱ्यासाठी पलंग घोडेगावहून येतो, पालखी बुऱ्हाणनगरहून येते आणि दोन्हींचा मान पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. संबळ कोणी धरायचा, पोत कोणी नाचवायचा, हेही ठरलेले. बालाघाटच्या डोंगरातल्या या देवस्थानाने गावगाड्यातल्या किती थरांना आपल्याभोवती ओवून घेतले आहे हे पाहिले, की सर्वसमावेशकता ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली असे म्हणवत नाही.

पण मान म्हणजे काय, याचा जरा विचार करावा. मान मिळालेला माणूस आत असतो. त्याच्यावाचून सोहळा अडतो. मात्र त्याची जागा ठरलेली असते आणि ती बदलून मागायची सोय नसते. संबळ वाजवणाऱ्याच्या घरात जन्मलेल्याने उद्या पूजेचे ताट मागितले, तर कालपर्यंत त्याला आदराने हाक मारणारेच बुचकळ्यात पडतील. वतनही याच मुशीतले. फेब्रुवारी १९४१मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. बैलगाड्यांची रांग लावून त्यांची मिरवणूक काढली गेली, याची आठवण गाव अजून सांगते. महार वतनातला जमिनीचा तुकडा म्हणजे गावाची चोवीस तासांची चाकरी, हे आंबेडकर तेव्हा कित्येक वर्षे सांगत होते. १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी या चाकरीतून सुटका व्हावी म्हणून विधेयकही आणले होते. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला १९५८मध्ये. हातात असलेला तुकडा सोडा आणि अजून कोणी न पाहिलेल्या जगण्यावर भरवसा ठेवा, असे माणसांना पटवणे ही माझ्या मते कल्पनाशक्तीची फार मोठी झेप आहे. आपण तिला राजकारण म्हणतो, समाजकारण म्हणतो. कल्पना मात्र म्हणत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरचे चित्रकार, शिल्पकार आणि चलच्चित्रकार विज्ञानकथेचे साहित्य हाती घेऊन सर्वांना सामावणारे उद्या रंगवू लागले आहेत. त्यांच्याकडे पाहताना माझ्या मनात हाच प्रश्न घोळतो. या उद्यात सगळ्यांना फक्त मान मिळणार आहे, की जागा बदलण्याची मोकळीकही?

मराठी विज्ञानकथा यावर काय सांगते? १९६६मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४मध्ये ‘कृष्णविवर’ पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेले टोपणनाव होते. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण याच महाराष्ट्रात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव गिळावे लागणारे लोकही आहेत. एकाला नाव झाकून न्याय्य तुलना हवी असते, दुसऱ्याला नुसते छप्पर. मराठी विज्ञानकथेत पहिल्याची गोष्ट आली, दुसऱ्याची फारशी आली नाही.

नारळीकरांना मी दोष देत नाही. त्यांची लढाई अंधश्रद्धेशी होती आणि मे २०२५मध्ये जग सोडेपर्यंत ती त्यांनी सोडली नाही. तरी त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते. विश्वासरावांना गोळी चाटून गेली, मराठे जिंकले, पुढे इतिहास दुसऱ्या वाटेने गेला, लोकशाहीसुद्धा आली. या दुसऱ्या इतिहासात गावकुसाबाहेर काय बदलले, हा प्रश्न कथेत उद्भवतच नाही. विज्ञानकथा काळ वाकवते, अवकाश वाकवते. गावकूस तेवढे सरळ उभे राहते.

उलट उदाहरण बंगालचे आहे. रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५मध्ये मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्याआड असतात आणि स्त्रिया मोकळ्या रस्त्यावर. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून परस्पर पाणी काढून घेतले जाते. तुळजापूरहून तास-दीड तासावरच्या सोलापुरात २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांवर विमानातून प्रयोग केले. सौरपट्ट्या आणि पवनचक्क्या तर आता धाराशिवच्या माळावर रोजच्याच झाल्या. म्हणजे रुकैयांच्या स्वप्नातले यंत्र आमच्या दुष्काळी पट्ट्यात येऊन पोहोचले. स्वप्नातली बाई मात्र पोहोचली नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरभोवती घागरी घेऊन कोण उभे असते, हे इथे कोणाला सांगायला नको. यंत्राची कल्पना पोटात घ्यायला समाजाला काही वाटत नाही. माणसांच्या नव्या मांडणीची कल्पना तो शंभर वर्षे ओसरीवर बसवून ठेवतो. अमेरिकेतल्या चित्रकार चित्रा गणेश यांनी २०१८मध्ये या कथेवर सत्तावीस लिनोकट छापचित्रांची मालिका केली. ती केवळ जुन्या कथेची सजावट असती तर तिचे एवढे काही वाटले नसते. कथेतला उधार राहिलेला अर्धा भाग चित्रांतून पुन्हा मागितला आहे, म्हणून ती मोलाची.

मराठीत असे कोणी नव्हते काय? होते, पण आपण त्यांना या खात्यात जमाच केले नाही. जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१मध्ये निघाले. त्यात एका घराची कल्पना आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. चौघे आपापल्या वाचनातून आणि विचारातून तिथे पोहोचलेले, आणि एका छपराखाली परस्परांचा द्वेष न करता राहणारे. १८९१मधले सोडा, आजही असे घर दाखवा! चंद्रावरची वसाहत त्याहून लवकर होईल असे कधी कधी वाटते.

काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ची. नायिकेचे लग्न फसवून एका मनोदुर्बल संस्थानिकाशी लावून दिले जाते. पुढे सत्ता तिच्या हाती येते आणि ती संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या भरवशावर नव्याने उभा करते. अभ्यासक मीरा कोसंबी यांनी या कादंबरीकडे स्त्रीवादी स्वप्नराज्य म्हणून लक्ष वेधले. मला तिच्यातला एक काटाही दिसतो. स्त्रियांचे राज्य उभे राहावे म्हणून एक मनोदुर्बल पुरुष कथेला सोयीचा ठरतो आणि सोय झाल्यावर तो कोपऱ्यात जातो. एकीला आत घेताना दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर काढणे, हा आदर्श राज्यांचा जुना रोग आहे. रुकैयांच्या देशातही पुरुष कोंडलेलेच आहेत, भले ते विनोदाने असो. तरीही कादंबरी मोठीच. तिच्या काळात मराठी कादंबरीत एवढेसुद्धा फारसे कोणी मागितले नव्हते.

दलित साहित्याच्या बाबतीत ही गोष्ट आणखी टोचते. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, आग घेतली. त्याच अमेरिकेत सन रा नावाचा कृष्णवर्णीय संगीतकार आपण शनी ग्रहावरून आलो असे सांगत होता. १९७४च्या, म्हणजे ‘कृष्णविवर’च्याच वर्षीच्या, ‘स्पेस इज द प्लेस’ या चित्रपटात तो आपल्या लोकांना संगीताच्या बळावर दुसऱ्या ग्रहावर न्यायला निघतो. पुढे या धारेला आफ्रोफ्युचरिझम असे नाव पडले. आपल्याकडे आग आली, यान आले नाही. याचे कारण दलित लेखकांच्या कल्पनेत मला दिसत नाही, ते वाचकांच्या मागणीत दिसते. १९७८च्या ‘बलुतं’ या आत्मकथनानंतर मराठी वाचकाने दलित लेखकाकडून आत्मकथनच मागितले. दुःखाचा पुरावा आणा, आम्ही हळहळतो. स्वप्न मागायला त्याच्या दारी कोणी गेले नाही. आठवण एकाकडून, कल्पना दुसऱ्याकडून, अशी ही साहित्यातली बलुतेदारीच झाली. आत्मकथन हा दलित लेखकाचा मान. भविष्य हा दुसऱ्या कोणाचा.

आजचे काही चित्रकार ही वाटणी मोडताहेत, म्हणून त्यांच्याकडे मी आशेने पाहतो. ओशीन शिवा मूळचे नाते तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैशी सांगतात, काम गोव्यात राहून करतात. दलित आणि तमिळ वारसा आणि विज्ञानकथा यांच्या मिश्रणातून त्यांच्या भडक रंगांतल्या, अनेक हातापायांच्या, स्त्री की पुरुष या चौकशीला दाद न देणाऱ्या आकृती उभ्या राहतात. त्या कोणाकडे दया मागत नाहीत. मुंबईत कारकीर्द घडलेल्या तेजल शाह यांची ‘बिटविन द वेव्ह्ज’ ही पाच पडद्यांवरची चलच्चित्रकृती २०१२मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात होती. डोक्याला शिंग असलेले जीव खारफुटीत, समुद्रकाठी वावरतात आणि माणूस कुठे संपला, प्राणी कुठे सुरू झाला, कळत नाही. मुंबईचे सहेज रहाल संगणकावर असे प्राणी घडवतात की त्यांचे डोके कुठले आणि पाय कुठले, ते ठरवता येत नाही. पण ते चालत राहतात. डोके नसलेला देह चालू शकतो, ही गोष्ट मला गावगाड्यावरची फार तिखट टीका वाटते, मग चित्रकाराच्या मनात ती असो वा नसो.

कोल्हापूरकडचे प्रभाकर कांबळे विज्ञानकथेच्या वाटेने जात नाहीत. त्यांनी एकावर एक मडकी रचून ‘उतरंड’ केली आणि ती २०२२च्या बर्लिन द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. पण ती पाहिल्याशिवाय बाकीच्यांची उड्डाणे कशापासून आहेत, ते समजत नाही. वरचे मडके हलके आणि सगळ्यांचा भार तळच्यावर. मानाची रचनाही अशीच असते, फक्त तिला हळदकुंकू लावलेले असते.

यातले सगळेच चांगले असते असे नाही. आठ हातांच्या देवीला अंतराळवीराचे शिरस्त्राण घातले की भविष्य झाले, अशी सवंग चित्रे आता पोत्याने निघतात. तुळजापूरची देवी मुळातच अष्टभुजा आहे. शस्त्रे, शंख, चक्र आणि राक्षसाची शेंडी एकाच देहात धरण्याची कल्पना इथल्या घडवणाऱ्याला शतकांपूर्वी सुचली होती. तिला चकाकणारे कपडे चढवून काही वाढत नाही. तिच्या दारात कोण येऊ शकते, हा प्रश्न विचारला तर वाढते. मे २०२३मध्ये तोकड्या कपड्यांतल्या भाविकांना मज्जाव करणारे फलक मंदिरात लागले आणि ओरड होताच त्याच दिवशी मागे घेतले गेले. तो फलक हीसुद्धा एक भविष्यकल्पनाच होती, केवळ वाईट. मंदिर परिसराच्या विकासाचा आराखडाही कल्पनाच आहे. गोंधळी कुठे बसेल, चाकाच्या खुर्चीतली बाई कल्लोळ तीर्थापर्यंत कशी जाईल, जोगवा मागणाऱ्या तृतीयपंथीयाला रात्री कुठे टेकता येईल, हे त्यात कोणी रेखाटले तर तेही कलाकाराचेच काम.

आणि एक तक्रार. ही सारी कला कासेलला दिसते, बर्लिनला दिसते, गोव्यात आणि मुंबईच्या पांढऱ्या भिंतींच्या दालनांत दिसते. खाली मजकूर इंग्रजीत. नवरात्रात लाखोंनी माणसे येणाऱ्या गावाला ती दिसत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर तुळजापुरात कित्येक वर्षे आहे, म्हणजे जागेची सबब नाही. प्रदर्शने भरवणाऱ्यांनी एकदा मराठी मजकुरासह इकडे यावे. मराठी विज्ञानकथेचा पुढचा प्रातिनिधिक संग्रह काढणाऱ्या संपादकांनाही विनंती आहे: सुरुवात फुल्यांच्या त्या घरापासून करा, दुसरे पान काशीबाईंना द्या आणि ज्यांच्याकडून आपण आजवर फक्त आत्मकथने मागितली, त्यांच्याकडे या वेळी उद्याची गोष्ट मागायला जा.