पुन्हा वाढावे

आठवण आली की तिच्या मागोमाग एखादी जागाही येते. आजीची गोष्ट आठवते ती माजघरातली. परीक्षेचा निकाल आठवतो तो शाळेच्या पायरीवरचा. ही केवळ कवींची कल्पना नव्हे. मेंदूच्या दोन्ही अंगांना, आत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. उंदीर एका ठराविक जागी आला म्हणजेच चेतणाऱ्या पेशी या भागात जॉन ओकीफ यांना १९७१ साली आढळल्या. पुढे २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. जागांचा नकाशा आणि आयुष्याची रोजनिशी अशी एकाच घरात नांदतात.

आणि ते घरच उजाड झाले तर? अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या मेंदूतील हा भाग दोन्हीकडून बराचसा काढला गेला. झटके कमी झाले. पण नवी आठवण टिकेना. बालपण शाबूत, आणि मघाशी भेटलेले माणूस परके! ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, तरी त्या त्यांना दर भेटीत नव्याच वाटत.

मग जो विसरणारच आहे, त्याच्याशी प्रेमाने वागण्यात काय हशील? हा प्रश्न काही अमेरिकेतलाच नाही. फराळ करून घटकाही झाली नसता म्हातारी आजी विचारते, "मला कुणी वाढलंच नाही का गं?" त्या वेळी आपल्या ओठांवर पहिले उत्तर कोणते येते, ते आपले आपल्यालाच ठाऊक!

मोलायसन यांचीच आणखी एक हकीकत आहे. शस्त्रक्रियेनंतर ज्या घरात ते राहायला गेले, त्याचा नकाशा त्यांनी पुढे काढून दाखवला. रोजच्या वावराने ते घर त्यांच्यात कसेबसे रुजले होते. आपल्या रोजच्या मायेचेही तसेच काही होत असेल, अशी आशा करायला हरकत नाही.

पण समजा, काहीच उरले नाही. म्हणून काय बिघडले? करंजी खाताना आजी सुखावली, ते सुख तेवढ्यापुरते खरेच होते. उद्या कुणाला आठवावी म्हणून का आपण पणती लावतो? आठवण राहील या अटीवर दिलेली माया म्हणजे उसनवारीच. आजीला विसरण्याची मुभा आहे. आठवण ठेवायला आपण आहोत.

तेव्हा तिने पुन्हा विचारले तर पुन्हा वाढावे. फार तर अर्धी करंजी.